इस्ट्रोजेनचे मलम : दुष्परिणाम किती आणि भीती किती?

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

मुलगी वयात आली की घरात निदान चार शब्द बोलले जातात. आई, आत्या, मावशी यांपैकी कोणीतरी तिला बाजूला घेऊन काय ते सांगते. आता शाळेतही त्याविषयी थोडेफार सांगतात. परंतु तीच पाळी पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास कायमची जाते, तेव्हा त्या स्त्रीला बाजूला घेऊन सांगणारे कोणीच नसते. "सुटले एकदाची!" असे म्हणून ती मोकळी होते आणि त्यानंतर शरीरात जे घडते ते मुकाट्याने सोसत राहते. या सोसण्यातील एका दुखण्यावर एक साधे मलम आहे. त्या मलमाचे काही दुष्परिणामही आहेत. परंतु त्या दुष्परिणामांची भीती मात्र प्रत्यक्ष दुष्परिणामांहून कितीतरी मोठी होऊन बसली आहे. असे का झाले, आणि खरे भय कशाचे बाळगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने औषधांच्या वाटेला का जावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर असे की, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद हाही एक मजकूरच आहे. मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या संदर्भात लिहिला, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये, असे आमचे प्राध्यापक आम्हांला तीन वर्षे सांगत आले आहेत. तोच धडा मी या कागदाला लावून पाहिला, इतकेच. मी डॉक्टर नाही. कोणाला औषध सुचवावे किंवा कोणाचे औषध बंद करावे, हा या लेखाचा हेतू नाही. विषय नाजूक आहे हे मी जाणते. पण ज्यांच्या घरात पन्नाशीची स्त्री नाही असे वाचक आपल्या महाविद्यालयात फारसे नसतील.

इस्ट्रोजेन म्हणजे काय?

आपल्या शरीरातील काही ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात. त्या रसांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. स्त्रीच्या बीजांडकोशात तयार होणारे इस्ट्रोजेन हे त्यांपैकी एक. १९२३ साली अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी या दोघांनी त्याचा प्रभाव प्रयोगाने दाखवून दिला. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत डॉइझी यांनी आणि जर्मनीत ॲडॉल्फ बुटेनांट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून त्याचा एक प्रकार शुद्ध रूपात वेगळा काढला. इस्ट्रोजेन हे एकच द्रव्य नसून तो एक परिवार आहे. त्यातील इस्ट्रॅडिऑल हे सर्वांत प्रबळ, तर इस्ट्रिऑल हे त्या मानाने सौम्य. या दोन नावांचा उल्लेख पुढे येणार असल्याने ती लक्षात ठेवावीत.

इस्ट्रोजेनचे काम केवळ पाळीपुरते नसते. हाडे, त्वचा, रक्तवाहिन्या, मेंदू अशा अनेक ठिकाणी त्याचा हात असतो. आपल्या विषयाशी संबंध आहे तो योनिमार्गाच्या आणि मूत्रमार्गाच्या अस्तराशी. इस्ट्रोजेन पुरेसे असते तोवर हे अस्तर जाड, ओलसर आणि लवचिक राहते. त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाचा पिष्टासारखा पदार्थ साठतो. त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू वाढतात व लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाला विरजण लावल्यावर जे जंतू त्याचे दही करतात, त्यांच्याच नात्यातले हे जंतू. त्यांच्यामुळे तेथील सामू चारच्या आसपास राहतो आणि त्या आंबटपणात रोग निर्माण करणाऱ्या इतर जंतूंचा टिकाव लागत नाही. निसर्गाने दाराशी बसवलेला हा पहारेकरीच म्हणावयाचा.

पाळी गेली की बीजांडकोश इस्ट्रोजेन करीनासे होतात. अस्तर पातळ होते, कोरडे पडते, ग्लायकोजेन कमी होते, विरजण नाहीसे होते आणि पहारा उठतो. मग खाज, आग, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना, वारंवार लघवीला जावे लागणे, लघवीची घाई, आणि ज्याला आपल्याकडे "उन्हाळी लागणे" म्हणतात ती जळजळ, या तक्रारी सुरू होतात. पूर्वी या अवस्थेला योनिमार्गाचा क्षय अशा अर्थाचे नाव होते. ते अपमानास्पद व अपुरे वाटल्याने २०१४ मध्ये अमेरिकेतील दोन वैद्यकीय संस्थांनी "रजोनिवृत्तीनंतरचा जनन व मूत्रमार्गाचा लक्षणसमूह" अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रजोनिवृत्तीच्या वेळी अंगातून येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांनी आपोआप ओसरतात. हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही. वयाबरोबर तो वाढतच जातो.

लावण्याचे औषध आणि पोटात घेण्याचे औषध

जे कमी पडले ते बाहेरून द्यावे, हा या उपचाराचा साधा विचार. परंतु देण्याच्या पद्धती दोन आणि त्यांतील भेद फार महत्त्वाचा.

पहिली पद्धत सर्व शरीरासाठी. यात इस्ट्रोजेनची गोळी पोटात घेतात, किंवा पट्टी, जेल वा फवारा यांच्या रूपाने ते दंडावर, मांडीवर किंवा पोटाच्या त्वचेवर लावतात. त्वचेवर लावले तरी या औषधाने रक्तात जावे हाच तेथे उद्देश असतो. दुसरी पद्धत जागच्या जागी देण्याची. यात मलम, बारीक गोळी किंवा औषधी कडे योनिमार्गात ठेवतात. औषधाने तेथल्या तेथे काम करावे, रक्तात जाऊ नये, हा उद्देश. दोन्हींना बोलताना "लावायचे औषध" म्हटले जाते आणि गोंधळाची सुरुवात येथेच होते.

प्रमाणाचा हिशेब पाहिला म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होईल. जागच्या जागी ठेवण्याच्या एका प्रचलित गोळीत १० मायक्रोग्रॅम इस्ट्रॅडिऑल असते. पहिले दोन आठवडे रोज एक आणि पुढे आठवड्यातून दोन, असा तिचा क्रम. म्हणजे वर्षभरात सुमारे ११४ गोळ्या व एकूण १,१४० मायक्रोग्रॅम, अर्थात १.१४ मिलिग्रॅम इस्ट्रॅडिऑल झाले. पोटात घेण्याच्या इस्ट्रॅडिऑलच्या एका गोळीत साधारणतः १ मिलिग्रॅम असते आणि ती रोज घ्यावयाची असते. एका पद्धतीत जेवढे वर्षभरात, जवळजवळ तेवढे दुसऱ्या पद्धतीत एका दिवसात! पोटातील औषधाचा बराच भाग यकृतात मोडला जातो, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही दोन्हींना एकाच मापाने मोजणे योग्य नाही, हे त्यावरून दिसून येते.

दुसरा फरक वाटेचा. पोटात घेतलेले इस्ट्रोजेन आतड्यांतून प्रथम यकृतात जाते. तेथे ते रक्त गोठवणाऱ्या काही द्रव्यांची निर्मिती वाढवते. त्यामुळे शिरांत गुठळी होण्याचा संभव वाढतो. त्वचेतून किंवा जागच्या जागी दिलेले औषध ही वाट टाळते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका अभ्यासात गोळी घेणाऱ्या स्त्रियांत गुठळीचा संभव सुमारे साडेतीन पट दिसला, तर त्वचेवरील पट्टी वापरणाऱ्या स्त्रियांत तो वाढलेला आढळला नाही.

दुष्परिणाम कोणते?

आता मुख्य विषयाकडे वळू. जागच्या जागी लावण्याच्या औषधाचे दुष्परिणाम आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही.

सर्वांत जास्त आढळतात ते स्थानिक त्रास. सुरुवातीच्या दिवसांत आग होणे, खाज सुटणे, अंगावरून पांढरे जाणे, मलम बाहेर ओघळून कपडे खराब होणे. अस्तर आधीच पातळ व सोललेले असल्याने कोणतेही मलम प्रथम झोंबते. काही वेळा दोष इस्ट्रोजेनचा नसून मलमाच्या घटकांचा असतो. अशा वेळी डॉक्टर मलमाऐवजी गोळी देऊन पाहतात. योनिमार्गातील पर्यावरण बदलल्यामुळे काही स्त्रियांना बुरशीचा संसर्गही होतो. दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव आणि तीव्र खाज ही त्याची खूण. तो बरा होतो, पण तो झाला आहे हे ओळखता आले पाहिजे.

दुसरा प्रकार थोडेसे औषध रक्तात गेल्यामुळे होणाऱ्या त्रासांचा. स्तन जड वाटणे किंवा दुखणे, डोके दुखणे, मळमळणे. हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांत होते. अस्तर पातळ असताना त्यातून औषध अधिक शोषले जाते. औषधामुळेच ते जाड होऊ लागले की शोषण घटते. म्हणजे या औषधाचा गुणच हळूहळू त्याच्या दुष्परिणामाला आवर घालतो. म्हणूनच पहिल्या पंधरवड्यातील त्रासावरून औषधाची परीक्षा करणे घाईचे ठरते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावर थोडेही लाल गेले, मग ते मलम लावताना असो वा न लावता, तर "उष्णतेने झाले असेल" म्हणून स्वस्थ बसू नये. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अंतःस्तर वाढू शकते आणि ते बेसुमार वाढले तर त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. अल्प प्रमाणातील स्थानिक औषधाने असे होत असल्याचे वर्षभराच्या चाचण्यांत दिसलेले नाही. म्हणून त्याच्या जोडीला सहसा प्रोजेस्टेरॉनसारखे दुसरे औषध द्यावे लागत नाही. परंतु रक्त दिसले तर तपासणी झालीच पाहिजे. हा नियम मलम लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या अशा सर्वच स्त्रियांना सारखाच लागू आहे.

चौथी गोष्ट प्रमाणाची. "मलमच तर आहे, थोडे जास्त लावले तर काय झाले" ही आपली नेहमीची वृत्ती. ती येथे घातक ठरू शकते. युरोपातील औषध नियामक संस्थेने २०१९-२० मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या मलमाविषयी निर्णय दिला. त्याच्या एका ग्रॅममध्ये १०० मायक्रोग्रॅम इस्ट्रॅडिऑल होते. असे तीव्र मलम लावणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात इस्ट्रोजेनची पातळी त्या वयात असावी त्याहून अधिक होते, असे दिसल्याने त्याचा वापर चार आठवड्यांपुरताच मर्यादित करण्यात आला. म्हणजे मलम हा शब्द निर्धास्त होण्यास पुरेसा नाही. कोणते मलम, किती तीव्र, किती वेळा, हे विचारावयास हवे.

पाचवी गोष्ट इतरांना होणाऱ्या अपायाची, आणि ती मुख्यतः त्वचेवर लावण्याच्या औषधासंबंधी आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हातावर मारावयाच्या इस्ट्रोजेनच्या फवाऱ्याविषयी इशारा दिला. औषध लावलेल्या हाताने लहान मुलांना कुशीत घेतल्यामुळे मुलींमध्ये अकाली स्तनवाढ आणि मुलग्यांच्याही छातीची वाढ झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. पाळीव प्राण्यांवरही परिणाम दिसला होता. ज्या घरात नातवंडे आजीच्या अंगाखांद्यावर खेळतात, तेथे ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. औषध लावलेली जागा झाकून ठेवावी आणि हात साबणाने स्वच्छ धुवावेत. तसेच काही मलमांतील तेलकट घटकांमुळे रबरी निरोध कमजोर होतात, हेही जाणत्या वयाच्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

शेवटी, काही स्त्रियांनी हे औषध तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून मुळीच वापरू नये. अंगावरून अकारण रक्त जात असेल तर प्रथम त्याचे निदान व्हावे. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांना आधी संप्रेरकविरहित उपाय सुचवले जातात. इस्ट्रोजेनची निर्मिती बंद पाडणाऱ्या ॲरोमाटेज-रोधक गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांनी तर विशेष सावध राहावे. डेन्मार्कमध्ये स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या ८ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांत एकंदरीने रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले नव्हते. मात्र वरील गोळ्या घेणाऱ्या गटात ते वाढलेले दिसले. मृत्यूचे प्रमाण तेथेही वाढलेले नव्हते. तरीही असा निर्णय रुग्ण व कर्करोगतज्ज्ञ यांनी मिळूनच घ्यावयाचा असतो.

भीती कोठून आली?

वरील यादीत हृदयविकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांची नावे नाहीत. मग खोक्यातील कागदावर ती इतक्या ठळकपणे का छापलेली असत? याचे उत्तर इतिहासात आहे.

गाभण घोडीच्या मूत्रापासून तयार केलेल्या "प्रेमारिन" या इस्ट्रोजेनला अमेरिकेत १९४२ मध्ये परवानगी मिळाली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांचे "फेमिनाइन फॉरेव्हर" हे पुस्तक निघाले. रजोनिवृत्ती म्हणजे जणू एक रोगच आणि इस्ट्रोजेन हा त्यावरचा चिरतारुण्याचा उपाय, असा त्याचा सूर होता. लक्षावधी स्त्रिया गोळ्या घेऊ लागल्या. १९७५ मध्ये या उत्साहाला पहिला धक्का बसला. केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग कितीतरी पट अधिक आढळतो, असे दोन अभ्यासांनी दाखवले, एकात ४.५ पट तर दुसऱ्यात ७.६ पट. त्यावर उपाय म्हणून इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे औषध देण्याची प्रथा पडली.

दुसरा धक्का मोठा होता. १९९१ मध्ये अमेरिकेत "विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह" नावाचा विस्तृत अभ्यास सुरू झाला. त्याच्या एका भागात १६,६०८ स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची एकत्र गोळी आणि काहींना औषधविरहित गोळी देण्यात आली. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे पाळी जाऊन बहुतेकींना दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. जुलै २००२ मध्ये हा भाग ठरल्या वेळेआधीच थांबवण्यात आला. कारण औषध घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात व गुठळ्या यांचे प्रमाण अधिक दिसले.

"स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला" ही वार्ता जगभर गेली. आता याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूने पाहू. औषध न घेणाऱ्या १० हजार स्त्रियांत वर्षाला ३० जणींना हा रोग झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ अधिक. दोन्ही विधाने खरीच आहेत. परंतु पहिले ऐकून काळजाचा ठोका चुकतो, दुसरे ऐकून विचार करता येतो. ज्या आठ घरांत हा रोग आला त्यांचे दुःख लहान नव्हे. पण निर्णय घेणाऱ्या स्त्रीला दोन्ही आकडे कळले पाहिजेत. याच अभ्यासात मांडीच्या हाडाचे खुब्यातील अस्थिभंग १० हजारांत १५ वरून १० वर आले होते, हे मात्र फारसे कोणाच्या कानी पडले नाही.

२००३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इस्ट्रोजेनच्या औषधांवर काळ्या चौकटीत इशारा छापण्याचे बंधन घातले. हे बंधन सरसकट होते. रोज पोटात घेण्याची गोळी आणि आठवड्यातून दोनदा जागच्या जागी ठेवण्याची १० मायक्रोग्रॅमची गोळी, दोहोंच्या माथी एकच चौकट आली. ज्या अभ्यासावरून हा इशारा दिला गेला त्यात स्थानिक औषधाची परीक्षा झालेलीच नव्हती. एकाच्या गुन्ह्याबद्दल सबंध आडनावाला शिक्षा व्हावी, तसे हे झाले.

पुढे स्थानिक औषधाचे स्वतंत्र निरीक्षण झाले. "विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह"च्याच एका निरीक्षणात ४५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती पाहण्यात आली व २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. स्थानिक इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, गुठळ्या, स्तनाचा वा गर्भाशयाचा कर्करोग यांचे प्रमाण न वापरणाऱ्यांहून अधिक नव्हते. अमेरिकेतील परिचारिकांच्या १८ वर्षांच्या निरीक्षणातूनही तेच दिसले. ही निरीक्षणे आहेत, चाचण्या नव्हेत. त्यामुळे त्यांना त्यांच्या मर्यादा आहेत. तथापि ब्रिटनने २०२२ मध्ये ही बारीक गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने मिळू दिली. १० नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांविषयीचे चौकटीतील इशारे काढण्यास सुरुवात करीत असल्याचे जाहीर केले. केवळ इस्ट्रोजेन सर्व शरीरासाठी घेतल्यास गर्भाशयाच्या अंतःस्तराला असलेल्या धोक्याचा इशारा मात्र त्यांनी कायम ठेवला. पोटात घेण्याच्या गोळ्यांविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. स्थानिक औषधाविषयी ते फार थोडे आहेत.

न घेण्याचेही दुष्परिणाम

औषध घेण्याचे दुष्परिणाम सगळे मोजतात. न घेण्याचे कोणी मोजत नाही. माझ्या मावशीची परवानगी घेऊन तिचे उदाहरण देते. ती तालुक्याच्या गावी बालवाडी चालवते. पाळी गेल्यानंतर तीन-चार वर्षांनी तिला वरचेवर उन्हाळी लागू लागली. प्रथम धन्याचे पाणी झाले, सब्जा झाला, वाळा झाला. मग प्रतिजैविकांच्या गोळ्या झाल्या. दोन महिने बरे वाटे, पुन्हा तेच. वाटेत लघवीला जावे लागेल या धास्तीने ती एस.टी.च्या प्रवासात पाणी पिईनाशी झाली, आणि नंतर प्रवासच नको म्हणू लागली. भजनी मंडळाची सहल तिने दोनदा टाळली. एका डॉक्टरांनी तिला इस्ट्रिऑलचे मलम लिहून दिले. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे समजावून सांगण्यास त्यांना सवड झाली नसावी. घरी आल्यावर शेजारच्या मुलाने खोक्यातील इंग्रजी कागद वाचला आणि त्यातील "कॅन्सर" हा एक शब्द तिला सांगितला. मलम कपाटात गेले ते वर्षभर तेथेच राहिले. त्या वर्षात तिने आणखी किती प्रतिजैविके घेतली याची मोजदाद नाही.

या दुखण्यावरचा एक प्रसिद्ध प्रयोग १९९३ मध्ये इस्राएलमध्ये झाला होता. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रिऑलचे मलम आणि काहींना औषधविरहित मलम देण्यात आले. औषधविरहित मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला. इस्ट्रिऑल लावणाऱ्यांना ०.५ वेळा. महिनाभरातच निम्म्याहून अधिक जणींच्या योनिमार्गात ते हरवलेले विरजण परतले होते. दुष्परिणाम किरकोळ होते, पण काही स्त्रियांनी त्यांपायी औषध सोडले, हेही त्या अहवालात नोंदवले आहे. आग होईल, पांढरे जाईल, पण घाबरू नका, असे आधी सांगणारे कोणी असले तर अशी गळती कमी होईल, असे मला वाटते.

गेल्या वर्षी मी मावशीबरोबर त्याच डॉक्टरांकडे गेले. प्रश्न कागदावर लिहून नेले होते. त्यांनीही शांतपणे उत्तरे दिली. पहिले दहा-बारा दिवस तिला आग झाली, स्तन जड वाटले, मग ते थांबले. उन्हाळी पूर्ण गेली नाही, पण आठ महिन्यांत एकदाच लागली. एका मावशीवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मी जाणते. परंतु एका शब्दाच्या अर्धवट वाचनाने किती नुकसान होते, हे दाखवण्यास ती पुरेशी आहे.

आपल्याकडील प्रश्न

पाश्चात्त्य देशांत पाळी जाण्याचे सरासरी वय ५१ च्या आसपास, तर भारतात ते ४६-४७ च्या सुमारास आहे. म्हणजे आपल्या स्त्रियांची इस्ट्रोजेनवाचूनची वर्षे लवकर सुरू होतात. त्यातही शस्त्रक्रियेने बीजांडकोश काढले गेले तर ही अवस्था एका दिवसात येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले असतील तर ऐन तिशीत-चाळिशीत रजोनिवृत्ती येते आणि तिची हाडे, हृदय व हा कोरडेपणा यांचा विचार फार आधीपासून करावा लागतो. उसाच्या फडावर हा विचार कोण करणार?

दुसरा प्रश्न औषधांच्या दुकानातील. संकोचामुळे स्त्री डॉक्टरांकडे जात नाही. "खाजेवर काहीतरी द्या" म्हणून दुकानातून मलम आणवते. ते पुष्कळदा स्टेरॉइड व बुरशीनाशक यांचे मिश्रण असते. स्टेरॉइड दीर्घकाळ लावले तर त्वचा आणखी पातळ होते. म्हणजे ज्याने बरे व्हावयाचे ते न लावता, ज्याने बिघडावयाचे ते लावले जाते. इस्ट्रोजेनच्या नावाला घाबरणारी स्त्री या मलमाला मात्र घाबरत नाही, कारण त्याविषयी तिला कोणी घाबरवलेलेच नसते.

तिसरा प्रश्न भाषेचा. मावशीच्या हातातील कागद इंग्रजीत होता आणि अक्षर इतके बारीक की चष्म्यानेही लागू नये. ज्या स्त्रीने ते औषध लावावयाचे तिला तो वाचता येत नाही. ज्याला वाचता येतो त्याला त्यातील शब्दांचे वजन कळत नाही.

काय विचारावे?

यास्तव असे औषध घरात कोणाला दिले गेले असल्यास डॉक्टरांना पुढील गोष्टी विचाराव्यात. हे औषध जागच्या जागी काम करणारे आहे की सर्व शरीरासाठी? यात कोणते इस्ट्रोजेन आहे आणि एका वेळी किती प्रमाण घ्यावयाचे? रोज किती दिवस आणि नंतर आठवड्यातून किती वेळा? कोणता त्रास झाला तर वाट पाहावी आणि कोणता झाला तर लगेच यावे? आधी होऊन गेलेला आजार किंवा चालू असलेले औषध यांच्याशी याचा काही विरोध आहे का? आणि केव्हा पुन्हा दाखवावयाचे? या सहा प्रश्नांची उत्तरे मिळाली तर घडीपत्रकातील निम्मी भीती गळून पडेल आणि उरलेली निम्मी उपयोगी पडेल. भीती सर्वस्वी वाईट नसते. रक्त दिसताच डॉक्टरांकडे धाव घ्यावयास लावणारी भीती जीव वाचवते. जी भीती औषध कपाटात ठेवते आणि दुखणे अंगात ठेवते, ती मात्र टाकून द्यावयास हवी.

आपल्या महाविद्यालयात इंग्रजी वाचता येणारे आणि मराठीत सांगता येणारे शेकडो विद्यार्थी आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावचे रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात एक दुपार गावातील स्त्रियांबरोबर बसून, एखाद्या जाणकार डॉक्टरांच्या उपस्थितीत, त्यांच्या घरातील औषधांचे कागद मराठीत वाचून दाखवता येणार नाहीत काय? मराठी व गृहविज्ञान विभागांच्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर ज्या औषधांचे कागद घरोघरी सापडतात त्यांचे सोपे मराठी रूपही तयार होऊ शकेल. या सूचनेचा विचार पुढील वर्षाच्या शिबिरापूर्वी व्हावा, एवढीच विनंती.